विषय : प्रदर्शनाच्या दिवशी बंद पडलेली २२ डिजिटल कार्डे आणि अडकलेले संपर्क

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

महोदय,

शिरोली एमआयडीसीत आमची ग्रे आयर्न कास्टिंगची (ओतीव लोखंडाच्या भागांची) फाउंड्री आहे. दोन वर्षांपासून आमच्या २२ जणांकडे तुमची एनएफसी कार्डे आहेत, म्हणजे फोन टेकवला की आमचा संपर्क उघडणारी व्हिजिटिंग कार्डे. मागच्या महिन्यात मोशीच्या प्रदर्शनात पहिल्याच दिवशी ती सगळी बंद पडली. त्याबद्दल ही लेखी तक्रार.

सकाळी साडेअकराला राजकोटच्या एका पंप कारखान्याचे खरेदी अधिकारी स्टॉलवर आले. व्होल्यूट केसिंगचा (पंपाच्या बाहेरच्या कवचाचा) नमुना हातात घेऊन बोटाने आतली फिनिश तपासली आणि महिन्याला ५०० नगांचा भाव विचारला. आमच्या मुलाने कार्ड पुढे केले, त्यांनी फोन टेकवला आणि स्क्रीनवर आले, ‘हे कार्ड सध्या उपलब्ध नाही’. त्याखाली तुमचे हिरवे बटण होते : ‘तुमचे कार्ड आजच बनवा’. आमच्या स्टॉलवर, आमच्या ग्राहकाच्या हातात, तुमची जाहिरात! शेवटी डिलिव्हरी चलनाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनाने नंबर लिहून दिला.

कार्डाच्या चिपमध्ये आमचा नंबर नसतोच, फक्त तुमच्या सर्व्हरची लिंक असते, हे मला त्या दिवशी कळले. कॅटलॉगवर छापलेल्या क्यूआरचेही तेच. १,००० कॅटलॉग छापून घेतले होते. क्यूआरमध्ये संपर्काची माहिती थेट भरता येते आणि तो कोणाच्याही सर्व्हरशिवाय चालतो. विकताना तुमच्या प्रतिनिधीने हा पर्याय सांगितलाच नाही.

प्लॅन संपला होता, हे मान्य. पण का संपला? वार्षिक रक्कम ₹१५,०००च्या वर असल्याने रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकेच्या कार्डावरच्या ऑटो-डेबिटला दर वेळी ओटीपी लागतो. त्याची आठवण तुम्ही पाठवली ती नोकरी सोडून गेलेल्या आमच्या मार्केटिंग मॅनेजरच्या मेलवर. अ‍ॅडमिन बदलल्याची नोंद आम्ही चार महिन्यांपूर्वीच अ‍ॅपमध्ये केली होती. तुमच्या बिलिंग विभागापर्यंत ती पोहोचली नाही, यात आमची काय चूक?

त्याच संध्याकाळी पैसे भरले आणि कार्डे सुरू झाली. पण त्या मॅनेजरने दोन वर्षांत गोळा केलेले ६१० संपर्क अजून त्यांच्या जुन्या लॉगिनमध्येच आहेत. कार्ड कंपनीच्या पैशाचे, ओळखी कंपनीच्या कामाच्या, आणि तुमचे लोक म्हणतात, ‘त्या युजरची परवानगी आणा.’ बाकीच्यांचे संपर्क एक्सपोर्ट केले, तर मराठीत लिहिलेल्या नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे आली आणि शेरे पूर्ण गायब. ‘आधी पॅटर्न दाखवा, मगच दर बोला’, ‘कोअरमधल्या ब्लो होलवरून एकदा माल परत’ असे ते शेरे होते. माझे वडील रेक्झिनच्या अल्बममध्ये व्हिजिटिंग कार्डे लावायचे आणि प्रत्येकाच्या मागे असेच लिहून ठेवायचे. तो अल्बम आजही उघडला की वाचता येतो. माझ्यासाठी नंबरापेक्षा त्या शेऱ्यांची किंमत जास्त आहे.

आणखी एक गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. आमच्याशी कार्डांची देवाणघेवाण केलेल्या दोन ग्राहकांना तुमचे प्रचाराचे मेसेज आले. त्यांनी नंबर आम्हाला दिला होता, आमच्या भरवशावर. ज्या कामासाठी संमती दिली, त्याच कामापुरती माहिती वापरायची, हा २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभा आहे. तुम्हाला तो माहीत असणारच.

१५ दिवसांत ६१० संपर्क आमच्या अ‍ॅडमिन खात्यात वर्ग करा आणि सगळे संपर्क मराठी नावे व शेऱ्यांसकट व्हीसीएफ फाइलमध्ये (फोनमध्ये थेट उघडणाऱ्या संपर्कांच्या फाइलमध्ये) द्या. आमच्या ग्राहकांचे नंबर तुमच्या प्रचार यादीतून काढल्याचे लेखी कळवा. प्लॅन संपला तरी छापील क्यूआरवर निदान आमचे नाव आणि फोन नंबर दिसत राहील, अशी सोय करा. तोवर उरलेल्या वर्षाचे पैसे परत मागण्याचा हक्क मी राखून ठेवते. पैसे भरल्याची पावती, ‘कार्ड उपलब्ध नाही’ दाखवणाऱ्या पानाचा स्क्रीनशॉट आणि प्रश्नचिन्हांची ती फाइल सोबत जोडली आहे.

आपली,
संचालिका
(फाउंड्री, शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर)