डॉक्टर अन् लॅब एकमेकांना भेटू द्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

कुष्ठरोगावर संशोधन केलेल्या डॉ. इंदिरा नाथ, हे नाव आपल्याकडच्या मेडिकलच्या पोरांना विचारून बघा, बहुतेकांना माहीतच नसतं, म्हणून हे पत्र. मी कुष्ठरोग तंत्रज्ञ होतो, सातपुड्याच्या पायथ्याशी नोकरी गेली, त्यामुळं या बाईंबद्दल मला फार आदर आहे.

दिल्लीच्या एम्समधून एमबीबीएस. 1970 च्या दशकात फेलोशिपवर इंग्लंडला गेल्या, तिथं कुष्ठरोगाच्या इम्युनॉलॉजीवर, म्हणजे शरीर त्या जंतूशी कसं लढतं यावर काम केलं अन् परत आल्या, कारण पेशंट इथं होते. प्रश्न असा होता की जंतू एकच, मग एकाच्या अंगावर दोन-चार चट्टे येऊन थांबतं अन् दुसऱ्याचा चेहरा, कानाच्या पाळ्या जाड होतात, आजार अंगभर पसरतो, हे कसं? या दुसऱ्या पेशंटच्या टी-सेल्स, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, बाकीच्या जंतूंवर उठतात पण नेमक्या याच जंतूपुढं गप्प राहतात, त्यावर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं.

आम्ही पाड्यावर पेशंटला डोळे मिटायला सांगायचो, बॉलपेनचं टोक हलकं टेकवायचं, कुठं लागलं ते बोटानं दाखव म्हणायचं. बाजूच्या कातडीवर टेकवलं की लगेच बोट जायचं, अन् चट्ट्यावर टेकवलं की माणूस डोळे मिटून तसाच वाट बघत बसायचा, त्याला कळलेलंच नसायचं. "दुखस नही ना भाऊ, मंग दवाखानामा कसाले जानं?" हे ठरलेलं. बायांची बोटं तव्यावर भाजायची, फोड आल्यावर समजायचं. एमडीटीच्या (कुष्ठरोगावरच्या एकत्रित औषधांच्या) गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, आजार पूर्ण बरा होतो, पण नस गेली की गेली. 2005 च्या डिसेंबरात देशपातळीवर निर्मूलन झाल्याचं, म्हणजे दहा हजारांत एकापेक्षा कमी पेशंट उरल्याचं, जाहीर झालं, तरी आपल्या आदिवासी पट्ट्यात नवीन पेशंट निघतातच.

नाथ बाई एम्समध्ये आधी बायोकेमिस्ट्रीत प्रा. तलवारांकडे, मग पॅथॉलॉजीत, अन् पुढं 1986 ला तिथं बायोटेक्नॉलॉजीचा विभागच उभा केला. रिटायर झाल्यावर मलेशियातल्या एका विद्यापीठात डीन, हैदराबादच्या ब्लू पीटर या कुष्ठरोग रिसर्च सेंटरच्या डायरेक्टर. 1999 ला पद्मश्री, 2002 ला लॉरियल-युनेस्को पुरस्कार. 2021 ला गेल्या. मला पुरस्कारांपेक्षा तो विभाग मोठा वाटतो, कारण तिथं पेशंट बघणारा अन् लॅबमध्ये बसणारा शेजारी-शेजारी आले.

आपल्याकडं काय आहे? धुळे, जळगाव, नंदुरबारची सरकारी मेडिकल कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाखाली, अन् लाइफ सायन्सेसचा विभाग बहिणाबाईंच्या नावाच्या आपल्या जळगावच्या विद्यापीठात. पेशंट एकीकडं, मायक्रोस्कोप दुसरीकडं. दोन्ही कुलगुरूंनी एकदा बसून कुष्ठरोगावर एक सामाईक संशोधन केंद्र काढावं, एमडी करणाऱ्या पोरांना तिथं पाठवावं, अन् नंदुरबारकडच्या अक्कलकुवा-धडगावच्या आशाताईंनी शोधलेले पेशंट तिथल्या नोंदीत यावेत. तुमच्या पेपरनं हा विषय दोघांपर्यंत न्यावा ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त कुष्ठरोग तंत्रज्ञ, चोपडा (जि. जळगाव)