डिमरचा किमान भार वेष्टनावर मराठीत छापावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मंगळवार पेठेतील आमच्या जुन्या घरात देवघराच्या डिमरवरचा (दिवा मंद-प्रखर करणाऱ्या बटणावरचा) 60 वॅटचा पिवळा बल्ब काढून 7 वॅटचा एलईडी लावला, तेव्हा तो मंद करताच थरथरू लागला. दुकानदाराने दोनदा बल्ब बदलून दिला, शेजाऱ्यांनी वीजपुरवठ्याला दोष दिला; प्रत्यक्षात दोन्ही ठीक होते. आयटीआयमध्ये वीजतंत्री व्यवसाय शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे यामागचे कारण लोकांपर्यंत पोहोचावे, अशी माझी तळमळ आहे.

डिमरमधील ट्रायॅक, म्हणजे वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, एकदा चालू झाला, की त्यातून ठरावीक किमान प्रवाह वाहत असेपर्यंतच तो चालू राहतो. जुना बल्ब 230 व्होल्टवर सुमारे 260 मिलिअँपिअर घेत असल्याने ही अट कधी जाणवलीच नाही. एलईडी मात्र सरासरी तीसच्या आसपास घेतो आणि तोही आतला कपॅसिटर (वीज साठवणारा घटक) भरण्यापुरता, थोडा वेळ. त्यानंतर प्रवाह तुटतो, ट्रायॅक विजेच्या अर्ध्या चक्राच्या मध्येच बंद पडतो आणि सेकंदाला 100 अर्धी चक्रे असल्याने हा अनियमितपणा डोळ्यांना थरथरीच्या रूपात दिसतो.

यावर आपल्याकडील वायरमन एलईडीच्या जोडीला झिरोचा बल्ब जोडून देतात. थरथर थांबते हे खरे, परंतु नावाने झिरो असलेला हा बल्ब साधारण 15 वॅट वीज खातो, म्हणजे एलईडीच्या दुप्पट. त्याऐवजी नुसता रोधक (रेझिस्टर) जोडून सतत 20 मिलिअँपिअर घेतले, तरी सुमारे साडेचार वॅटची उष्णता होते. योग्य उपाय बल्बच्या ड्रायव्हरमध्येच, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या आतल्या परिपथातच असतो: आत येणारा प्रवाह मोजून, तो किमान मर्यादेखाली जाऊ लागला की जेवढी तूट तेवढाच जादा प्रवाह ब्लीडर नावाच्या पूरक परिपथाने घ्यायचा आणि एलईडी स्वतः पुरेसा प्रवाह घेत असताना गप्प राहायचे. डिमेबल (डिमरवर चालणारा) बल्ब थोडा महाग पडतो तो अशा जादा परिपथामुळे.

म्हणून उत्पादकांनी बल्बच्या वेष्टनावर ‘डिमरवर चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ आणि डिमरच्या वेष्टनावर किमान भार (त्यावर किमान किती वॅटचा दिवा हवा) ठळक मराठीत छापावा. तोपर्यंत शहरातील विक्रेत्यांनी बल्ब देताना ‘घरी डिमर आहे का?’ एवढे विचारावे. साधा एलईडी डिमरवर चालवल्यास तो नुसता थरथरत नाही, तर त्यातील ड्रायव्हर तापून लवकर निकामीही होऊ शकतो.

आपला,
एक निवृत्त वीजतंत्री निदेशक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर