आज्जीची बोगणी चुकीची नाही

संपादक साहेब, नमस्कार.

मी मिरजेत राहतो, मूळ गाव जत तालुक्यात, पार पूर्वेला. मागच्या आठवड्यात मुलीची मराठीची वही चाळत होतो, चौथीत आहे ती, 'माझी आज्जी' असा निबंध होता आणि तिनं लिहिलेलं की आज्जी बोगणीत हुग्गी करते. बाईंनी बोगणी लाल पेननं खोडून 'पातेले' केलंय, हुग्गी खोडून 'खीर'. त्या रात्री पोरगी आज्जीला म्हणाली, "आज्जी तू चुकीचं बोलतीस." माझी आई, म्हणजे तिची आज्जी, गप्पच बसली. ते मला लई लागलं, म्हणून हे पत्र.

अहो हुग्गी म्हणजे नुसती खीर नव्हे. खपली गहू ओला करून कांडायचा, साल काढायची, शिजवून गूळ घालायचा आणि वाढताना वरनं तुपाची धार, आमच्याकडं लग्नाच्या पंगतीत हुग्गी नसली तर पाव्हणे विचारतात. शब्द कानडी आहे, बरोबर. पण मग तूप कुठला? कानडीत तुप्प म्हणतात. सुपारी म्हणजे अडके, त्यावरनं अडकित्ता. गप्पा मारायचा कट्टा पण तिकडचाच, आणि अण्णा, अक्का, अप्पा ही तर घराघरातली नाती. हे सगळं खोडायचं म्हटलं तर लाल पेन पुरायचा नाही.

देवाचं पण तेच. आमच्या भागातली कितीतरी घरं चिंचलीच्या मायाक्काला जातात, माघात बैलगाड्या निघतात, ती चिंचली बेळगाव जिल्ह्यात, रायबाग तालुक्यात. सौंदत्तीची यल्लम्मा तिकडंच. आणि उलट बाजूनं बघा, मराठीतल्या सगळ्यात जुन्या कोरीव लेखांपैकी एक श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी आहे, म्हणजे कर्नाटकात.

आणि सांगलीकरांना तर हे कुणी सांगायलाच नको. कर्नाटकातनं भागवत मंडळी, म्हणजे पौराणिक कथांचे खेळ करणारे कलाकार, सांगलीत आली, त्यांचे खेळ सांगलीचे राजे चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी बघितले आणि असंच मराठीत करा म्हणून विष्णुदास भाव्यांना सांगितलं. त्यातनं १८४३ साली 'सीता स्वयंवर' हे नाटक उभं राहिलं. ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो, हार घालतो, भाषणं होतात, पण त्या कानडी खेळवाल्यांचं नाव एका वाक्यात उरकतं.

सीमेचा वाद आहे, त्यात मी मराठीच्या बाजूनंच आहे, त्याबद्दल शंका नको. पण आपण कोण, कुठनं आलो हे पोरांना कळायचं तर ते आज्जीच्या तोंडातल्या शब्दांवरनंच कळणार, दुसरं कुठनं कळणार? ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्ही पण पेढे वाटले, पण त्या मराठीत जतची मराठी धरली आहे का नाही?

बाईंवर माझा राग नाही, त्यांना पण असंच शिकवलेलं असणार. प्रमाण मराठी पोरांना यायलाच पाहिजे, परीक्षा तिच्यातच असते. फक्त खोडू नका, शेजारी लिहा, 'बोगणी म्हणजे पातेले', एवढंच.

तुम्हाला एक विनंती. आपल्या सांगली पानावर आठवड्यातनं एकदा चार ओळींची जागा द्या, वाचकांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा एकेक शब्द पाठवायचा, कुठल्या गावात बोलतात आणि कशाला म्हणतात एवढं लिहून. आईला मी रोज संध्याकाळी विचारतोय, आत्तापर्यंत वहीत ४३ शब्द झालेत, मुलगीच लिहून घेते. जागा दिली तर पहिला शब्द आमचा, बोगणी.

आपला,
एक वाचक, मिरज