मंत्रिमहोदय, मुंबईच्या डॉल्फिनची नोंदवही कुठे आहे?

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

सन्माननीय महोदय,

कॅनडातल्या एका बेलुगा देवमाशावरून आपल्याला पत्र लिहितोय. काम मात्र मुंबईचं आहे, आणि आपल्याच खात्याचं.

2017 च्या जूनमध्ये तिकडच्या नेपिसिग्विट नदीत एक अल्पवयीन नर बेलुगा एकटाच भरकटून आला होता; त्याला नेपी म्हणू लागले. त्याला जाळ्यात धरून विमानाने क्वेबेकला नेलं आणि सेंट लॉरेन्सच्या खाडीत, काकुना गावाजवळ, त्याच्या जातभाईंमध्ये सोडलं. अंगावर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र होतं. ते टिकलं नाही. तरी पुढच्याच वर्षी दूर नोव्हा स्कॉशियात, इंगोनिशला एक बेलुगा दिसला आणि क्वेबेकमधल्या ताडुसाकच्या संशोधकांनी फोटो पाहून सांगितलं, हा तोच, नेपी! बेलुगाच्या पाठीवर पर नसतो, नुसता उंचवटा असतो. त्यावरच्या खाचा नि अंगावरचे जुने वण हेच त्याचं आधारकार्ड. ही मंडळी 1980 च्या दशकापासून असे फोटो नोंदवहीत जपून ठेवतायत. तिथे मेलेला बेलुगाही किनाऱ्याला लागला की तपासला जातो. कुठली मादी विताना दगावली, कुणाला कर्करोग झाला होता, हे त्यातूनच उजेडात आलं.

आपल्याकडे 2022 मध्ये वेळासला ‘प्रथमा’ या मादी कासवावर यंत्र बसवलं. 2023 मध्ये गुहागरहून निघालेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आम्ही त्या बातम्या चवीने वाचल्या. पण यंत्र मुकं झालं की आपल्या लेखी प्राणीही संपतो.

मुंबईच्या किनाऱ्याजवळच्या हम्पबॅक डॉल्फिनला तर यंत्राचीही गरज नाही. पाठीवरचा पर पाण्याबाहेर येतो, त्याच्या कडेला प्रत्येकाच्या वेगळ्या खाचा असतात. साध्या कॅमेऱ्याचं काम. ही जात जगभरात संकटग्रस्त ठरली आहे, आपल्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. आणि वर्सोवा-जुहूला मेलेला डॉल्फिन लागला की काय होतं? फुगलेलं, कातडी सोलवटलेलं धूड, नाकाला रुमाल लावून सेल्फी काढणारे, मग जेसीबी, खड्डा, वर वाळू. मेला तो कोण होता, कुणी विचारत नाही. (सेल्फीतले निम्मे फोटो नोंदवहीला उपयोगी पडले असते, हा भाग वेगळा.)

गंमत म्हणजे सरकारकडे अर्धी व्यवस्था तयार आहे. संरक्षित प्राणी जाळ्यात आला, तर जाळं कापून तो सोडणाऱ्या मच्छीमाराला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते आणि पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ द्यावा लागतो. भरपाई दिली की तो फोटो फाइलमध्ये पडून राहू नये. डॉल्फिनचा असेल तर नोंदवहीत जावा. समुद्रावर रोज असणाऱ्या कोळी बांधवांना फोटो पाठवायला एक मोबाइल नंबर द्या. त्यांच्याइतकं पाणी आपल्यापैकी कुणीच बघत नाही. वाळूत पुरण्याआधी पराचे डावी-उजवीकडून फोटो, लांबीचं माप, एक दात आणि कातडीचा तुकडा घेणं सक्तीचं करा. दाताच्या थरांवरून वय कळतं. ही सगळी नोंद अभ्यासकांना आणि शाळांना पाहता येईल अशी खुली ठेवा.

कृपया यासाठी समिती नेमू नका. आपल्याच खात्याच्या कांदळवन कक्षाला एक पानी आदेश पुरेल, आणि तो पावसाळा संपायच्या आत निघावा. थंडीत समुद्र शांत असतो, तेव्हा फोटो चांगले येतात.

आपला,
वर्सोव्याचा एक रहिवासी