स्ट्रेचरवरचे नऊ तास

ग्रनोबल, फ्रान्स,
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय अनंत,
सप्रेम नमस्कार.

दोर, बोल्ट आणि कप्प्या सगळीकडे सारख्याच असताना गुहेतल्या बचावाचे वेगळे शिक्षण कशासाठी, असे तू मागच्या पत्रात विचारले होतेस. त्याचे उत्तर मला गेल्या शनिवारी अंगावर मिळाले. इथल्या व्हेरकोर पठारावरील एका गुहेत आमचा सराव होता आणि जखमी म्हणून माझी निवड झाली होती.

सह्याद्रीत कुणी दरीत पडला, तर वरून हाक ऐकू जाते, बऱ्याचदा फोनही लागतो आणि निरोप पोहोचल्यावर काही तासांत आपण त्याच्यापाशी असतो. खोल गुहेत निरोप द्यायलाच माणसाला वर चढून यावे लागते. २०१४ च्या जूनमध्ये जर्मनीतील रीझेंडिंग गुहेत, सुमारे १,००० मीटर खोलीवर, योहान वेस्टहाउझर यांच्या डोक्यावर दगड कोसळला, तेव्हा त्यांच्या सोबत्याला बाहेर येऊन खबर देण्यासाठी बारा-एक तास चढावे लागले. अपघात ८ जूनचा. डॉक्टर त्यांच्यापाशी पोहोचले ११ जूनला आणि ते बाहेर आले १९ जूनला. पाच देशांतील सातशेहून अधिक माणसे या कामी लागली होती. उशीर कुणाच्या हलगर्जीपणामुळे झाला नव्हता. इतक्या खोलवर स्वतःच्या बळावर उतरून, तिथे उपचार करून, पुन्हा वर येऊ शकणारे डॉक्टर युरोपातही मोजकेच होते. हे वाक्य मी तुला उद्देशूनच लिहितो आहे, पण त्याकडे मागाहून वळतो.

सरावात पहिली तुकडी माझ्याकडे आली तेव्हा तिच्याकडे स्ट्रेचर नव्हते. त्यांनी कोरडी जागा पाहून चंदेरी उष्णतारोधक चादरींचा तंबू उभारला, आत मेणबत्त्या लावल्या, मला ओल्या कपड्यांतून काढून झोपायच्या पिशवीत घातले आणि गरम सूप दिले. बाहेर जेमतेम सहा-सात अंश तापमान असताना आत थोड्याच वेळात ऊब आली. हालचाल थांबलेल्या माणसाला जखमेइतकाच थंडीचा धोका असतो, म्हणून हलवण्याची घाई कुणी करत नाही. दरम्यान दुसरी तुकडी तारेचा टेलिफोन ओढत खाली येत होती आणि तिसरी प्रत्येक उतारावर स्ट्रेचरसाठी वेगळे बोल्ट ठोकत होती. तार नेणे शक्य नसते तिथे खडकातून आवाज पोहोचवणारे 'निकोला' नावाचे यंत्र वापरतात. १९९६ साली इथल्याच गुफ्र बेर्जे गुहेत आलेल्या पुरात मरण पावलेल्या एका ब्रिटिश तरुणीच्या स्मरणार्थ त्याला ते नाव दिले आहे.

मग मला बांधले. हात आत, डोळ्यांवर संरक्षक काच, नाकाला खाज सुटली तरी दुसऱ्याला सांगावे लागे. उभ्या विवरात दोर कप्पीवरून जातो, एका टोकाला स्ट्रेचर आणि दुसऱ्या टोकाला एक माणूस. त्याच्या वजनाने स्ट्रेचर वर येते. ओढण्यासाठी दहा जणांना उभे राहायला तिथे जागाच नसते. अरुंद फटीत मला हातोहात पुढे सरकवले गेले, आणि त्या सगळ्या वेळात एक मुलगी माझ्या डोक्यापाशी राहून पुढे काय होणार ते हळूहळू सांगत होती. तिचा आवाज क्षणभर थांबला की माझी छाती धडधडू लागे. एवढी भीती मला कोणत्याही सुळक्यावर वाटलेली नाही.

नऊ तासांत आम्ही १२० मीटर वर आलो. गुहेच्या तोंडाशी एक बाई वही घेऊन बसल्या होत्या: कोण किती वाजता आत गेला, केव्हा परत यायला हवा, कुणी झोप घेतली. मला ती वही दोराइतकीच महत्त्वाची वाटली, कारण थकलेला बचावकर्ता हा दुसरा जखमी होण्याच्या बेतात असतो. फ्रान्समध्ये गुहा-बचावाची संघटना १९७७ पासून आहे. प्रत्यक्ष घटनेत सूत्रे सरकारी अधिकाऱ्याकडे असली, तरी तांत्रिक सल्ला आणि आत उतरणारी माणसे बहुतांशी याच स्वयंसेवकांची असतात.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये तुर्कस्तानातील मोर्जा गुहेत मार्क डिकी हे अमेरिकन गुहासंशोधक सुमारे १,००० मीटर खोलीवर पोटातील रक्तस्रावाने आजारी पडले. ते स्वतः गुहा-बचावाचे प्रशिक्षक होते. हंगेरीच्या डॉक्टरांनी खाली उतरून त्यांना तिथेच रक्त दिले. मग गुहेचे टप्पे पाडून एकेक टप्पा वेगवेगळ्या देशांच्या पथकांना वाटून दिला गेला आणि ११-१२ सप्टेंबरच्या मध्यरात्रीनंतर ते बाहेर आले. इतक्या भाषांची माणसे अंधारात एकमेकांच्या हाती स्ट्रेचर देऊ शकली, कारण त्यांच्यातल्या अनेकांनी आधी एकत्र सराव केलेला होता.

अनंत, तू आपल्या बचाव-पथकासोबत डॉक्टर म्हणून नेहमी येतोस आणि दरीच्या काठावर थांबतोस. जखमी वर आला की तुझे काम सुरू होते. मधल्या तासांत त्याच्यापाशी डॉक्टर नसतो. सह्याद्रीतला आपला बेसॉल्ट खडक इतक्या खोल गुहा देत नाही हे खरे, पण पावसाळ्यात धबधब्याखाली अडकलेला माणूस याच थंडीत याच तासांची वाट पाहतो. जानेवारीत मी तीन आठवडे पुण्यात आहे. तुला जुमारिंग, म्हणजे दोराला पकडणाऱ्या चापांच्या आधारे दोरावरून वर चढणे, शिकवायला मला चार रविवार नकोत, दोन पुरतील. त्यानंतर एक रात्रभराचा सराव ठेवू. जखमी मी होईन, खाली तू ये. वही वहिनींना सांभाळायला सांग, तुम्हा सगळ्यांत वेळेचा हिशेब त्यांचाच चोख असतो.

दवाखान्याच्या कोणत्या सुट्ट्या मिळतील ते कळव.

तुझा,
माधव