आधी बसायला शिकवलेत, बाई

आदरणीय बाई,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सप्रेम सलाम.

पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत, म्हणजे पाळक (ख्रिस्ती धर्मगुरू) घडवणाऱ्या संस्थेत, माझे वर्ग सुरू होऊन तीन आठवडे झाले आहेत. हे पत्र तुमच्या नावे असले, तरी ते मी मुद्दाम सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे; कारण दारव्हा तालुक्यातल्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीतून कोणी पाळकीय शिक्षणाला निघतो, तेव्हा नाव त्या मुलाचे होते आणि त्याला घडवणारी निवृत्त शिक्षिका गावाबाहेर कोणाला ठाऊकही नसते.

आपल्या पाळकसाहेबांकडे चार गावे असल्यामुळे मागच्या वर्षी मंडळीच्या कमिटीने विद्यार्थी पाळक म्हणून दर रविवारची उपासना माझ्याकडे सोपवली. माझा पहिला संदेश चाळीस मिनिटांचा झाला. कापसाच्या वेचणीचे दिवस होते, समोर बसलेल्या बाया आठवडाभर वाकून थकलेल्या होत्या, आणि मी मात्र वाचलेले सगळे एकाच रविवारी सांगू पाहत होतो. उपासनेनंतर तुम्ही मला रागावला नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मला सोबत घेऊन तुम्ही त्या घरी गेलात, जिथल्या कर्त्या माणसाने नापिकीला आणि कर्जाला कंटाळून जीव दिल्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता.

त्या अंगणातला तो तास मी विसरू शकत नाही. मी वचने निवडून, कागदावर उतरवून नेली होती. तुम्ही पदर खोचून जमिनीवर बसलात, त्या ताईंच्या पुढ्यातले सूप थोडे आपल्याकडे ओढलेत आणि त्यांच्यासोबत तुरीच्या हिरव्या शेंगा सोलू लागलात. दाणे सुपात पडत होते, टरफलांचा ढीग वाढत होता, आणि तुम्ही एक शब्दही बोलत नव्हता. बऱ्याच वेळाने ताई आपणहून बोलू लागल्या, सोसायटीच्या कर्जाविषयी, मुलीच्या दहावीविषयी आणि त्या शेवटच्या रात्रीविषयीही. उठताना तुम्ही चारच वाक्यांची प्रार्थना केलीत. माझा कागद खिशातच राहिला. परतीच्या वाटेवर तुम्ही म्हणालात, “पोरा, आधी त्याइच्या घरी बसाले शिक, मंग बोलाचं पाह्य.”

बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर काही न बोलता बसले होते, हे मी अनेकदा वाचले होते. त्यांची चूक त्यानंतर, तोंड उघडल्यावर सुरू झाली, हे मला त्या दिवशी उमगले. परवा वर्गात दुःखितांच्या भेटींचा विषय निघाला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ते सूप होते.

इथले शिक्षण इंग्रजीतून आहे आणि त्याच भीतीने मी प्रवेशअर्ज दोनदा बाजूला ठेवला होता, हे फक्त तुम्हाला माहीत आहे. त्या पावसाळ्यात तुम्ही मार्काच्या शुभवर्तमानाचे सोळाही अध्याय माझ्याकडून इंग्रजीत मोठ्याने वाचून घेतलेत, मराठी बायबल शेजारी उघडे ठेवून, वीज गेली की मेणबत्ती लावून. अडलेला शब्द तुम्ही सांगत नसा, शब्दकोश पुढे सरकवत असा. तो शब्दकोश आता माझ्या टेबलावर आहे. बी.ए. झालेल्या मुलाने नोकरी धरावी असे म्हणणाऱ्या बाबांचीही समजूत तुम्हीच घातलीत.

ही सेमिनरी १९५३ साली आपल्या यवतमाळातच सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला आली. तिथले विद्यार्थी शकुंतला या छोट्या रेल्वेगाडीने दारव्ह्याला उतरून आपल्या गावी उपासनेला येत, ही तुमच्या लहानपणीची आठवण मी इथल्या सोबत्यांना सांगितली. त्या विद्यार्थ्यांना तुमच्या आईने जेवू घातले होते. मला तुम्ही घातलेत. पोटभर जेवल्याशिवाय तुम्ही मला धडा वाचू दिला नाहीत, त्याबद्दलही मनापासून आभार.

नाताळच्या सुटीत मी गावी येईन, तेव्हा तुरी पुन्हा शेंगांवर आलेल्या असतील. ताईंची मुलगी आता अकरावीला आहे, असे तुम्ही फोनवर सांगितलेत. आपण दोघे त्यांच्याकडे जाऊ. या वेळी मी कागद नेणार नाही.

आपला कृतज्ञ विद्यार्थी