चांदीचं म्हणून तांबं-निकेलचं नाणं पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

तुमच्या संकेतस्थळावरून मी सेंट हेलेना बेटाचं 1981 चं 25 पेन्सचं नाणं मागवलं होतं. प्रिन्स चार्ल्स आणि लेडी डायना यांच्या लग्नानिमित्त काढलेलं. जाहिरातीत 'स्टर्लिंग चांदी, प्रूफ' (म्हणजे 92.5 टक्के चांदीचं, संग्राहकांसाठी खास चकाकीने पाडलेलं) असं ठळक लिहिलं होतं आणि पैसेही चांदीचेच घेतलेत. हातात आलं ते तांबं-निकेलचं साधं नाणं.

फोनवर तुमच्या माणसाने सांगितलं की वजन 28.28 ग्रॅम भरतंय, लोहचुंबकाला चिकटत नाही, म्हणजे चांदीच. हे मला मुळीच मान्य नाही. हे नाणं दोन्ही धातूंत निघालं. वजन दोन्हींचं 28.28 ग्रॅम, व्यास 38.6 मिमी. तांबं-निकेलही चुंबकाला चिकटत नाही. मग या तपासणीला अर्थ काय? आमच्या नेहमीच्या सराफांनी नाणं दोऱ्याला टांगून पाण्यात बुडवून तोललं. स्टर्लिंग चांदी असती तर वजन सुमारे 2.7 ग्रॅमनी घटलं असतं. ते घटलं जवळपास 3.2 ग्रॅमनी, म्हणजे धातू चांदीपेक्षा कमी घनतेचा, तांबं-निकेलच. प्रूफ नाण्याची आरशासारखी पार्श्वभूमी तर कुठेच दिसत नाही. नाण्यावरच्या राणी एलिझाबेथच्या चेहऱ्यासमोर बारीक ओरखडे आहेत, थैलीत नाणी एकमेकांवर आपटून पडतात तसे.

सोबतच्या प्रमाणपत्रात हे 'बेटावरच्या रोजच्या चलनातलं' नाणं म्हटलंय. तेही खोटं. सेंट हेलेना आणि असेन्शन या बेटांची सामायिक चलनी नाणी 1984 मध्ये आली. हे त्याआधीचं, संग्राहकांसाठी काढलेलं. दक्षिण अटलांटिकमधल्या एवढ्याशा बेटाबद्दल इथे कोण विचारणार, असं समजून काहीही छापू नका. आम्ही ही नाणी त्या बेटांच्या इतिहासाच्या ओढीने जमवतो, आणि त्यासाठी पैसे साठवतो.

कुरिअर खर्चासह पूर्ण रक्कम परत करा, नाणं तुमच्या खर्चाने घेऊन जा आणि ती जाहिरात आजच दुरुस्त करा. याच जाहिरातीवरून आणखी कुणी फसलं असेल तर त्यांनाही कळवा.

ई-कॉमर्स नियम, 2020 नुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. तसं न झाल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आपला,
(सही)

सोबत: बिल, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो, सराफांनी लिहून दिलेली वजनं.